एचआयव्हीमधील औषधप्रतिरोध : अखंड उपचारांचे अर्थशास्त्र

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने एचआयव्हीबाधितांसाठी मोफत विषाणूरोधी उपचारांचा कार्यक्रम सुरू केला. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र, मणिपूर व नागालँड ही सहा राज्ये आणि दिल्ली येथील आठ शासकीय रुग्णालयांपासून झालेला हा प्रारंभ पुढे देशभर विस्तारला. आज १६ लाखांहून अधिक व्यक्ती या कार्यक्रमांतर्गत मोफत औषधे घेत आहेत. २०१० ते २०२३ या काळात देशातील वार्षिक नव्या संसर्गांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली, तर एड्समुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याहूनही मोठी घट झाली. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील ही मोलाची कमाई आहे.

या कमाईला आतून पोखरू शकणारी गोष्ट म्हणजे विषाणूचा औषधप्रतिरोध. काल गुणकारी असलेल्या औषधाला आज विषाणू दाद देईनासा होतो, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. परंतु प्रतिरोध वाढण्याची संधी विषाणूला मिळते ती उपचारात पडलेल्या खंडामुळे, आणि हा खंड पुष्कळदा औषधांचा पुरवठा, रुग्णाचे उत्पन्न, केंद्रापर्यंतचे अंतर व समाजाचा दृष्टिकोन यांतून पडतो. म्हणूनच हा विकासाच्या अर्थशास्त्राचाही विषय ठरतो. प्रतिरोध कसा निर्माण होतो, उपचारांवर त्याचा काय परिणाम होतो आणि तो रोखण्यासाठी सार्वजनिक खर्च कोठे करणे सर्वाधिक किफायतशीर ठरते, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधप्रतिरोध म्हणजे काय?

एचआयव्ही हा मानवी शरीरातील सीडी-४ या संरक्षक पेशींवर हल्ला करणारा विषाणू आहे. त्याची जनुकीय माहिती आरएनए या स्वरूपात असते. पेशीत शिरल्यावर एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने तो या आरएनएचे डीएनएमध्ये रूपांतर करतो. हे विकर नक्कल करताना चुका करते आणि झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची क्षमता त्याच्याकडे नसते. विषाणूची जनुकीय संहिता सुमारे ९,७०० अक्षरांची आहे आणि नकलेच्या प्रत्येक फेरीत सरासरी तीन-चार प्रतींमागे एक चूक होते. उपचार न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात दररोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात, हे लक्षात घेतल्यास या चुकांची व्याप्ती ध्यानात येईल.

या चुकांनाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुसंख्य उत्परिवर्तने विषाणूला निरुपयोगी किंवा घातक असतात. परंतु एखाद्या उत्परिवर्तनामुळे औषध ज्या ठिकाणी आपला प्रभाव पाडते त्या ठिकाणची रचनाच बदलते. असा विषाणू औषधाच्या उपस्थितीतही वाढत राहतो. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. औषध प्रतिरोधी विषाणू ‘निर्माण’ करीत नाही. तो चुकीने आधीच निर्माण झालेला असतो. औषध अपुऱ्या प्रमाणात असले की इतर विषाणू मागे पडतात आणि नेमका हाच टिकून वाढतो. डार्विनने मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचे हे अतिशय वेगवान उदाहरण होय.

तीन औषधांमागील गणित

एचआयव्हीविरोधी पहिले औषध झिडोव्ह्युडिन यास अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा लाभ अल्पकाळच टिकत असल्याचे लवकरच दिसून आले आणि १९८९ मध्ये या औषधास प्रतिरोध करणारे विषाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये व्हँकूव्हर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निष्कर्ष मांडण्यात आले आणि या रोगाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली.

तीनच औषधे का, याचे उत्तर संभाव्यतेच्या गणितात आहे. समजा, एखाद्या औषधाला चकवणारे उत्परिवर्तन होण्याची शक्यता एक लाखात एक इतकी आहे. विषाणूंची रोजची संख्या पाहता असा विषाणू दररोज अनेकदा तयार होईल. परंतु परस्परांहून भिन्न अशी तीन औषधे एकाच वेळी शरीरात असतील, तर तिन्ही उत्परिवर्तने एकाच विषाणूत एकाच वेळी व्हावी लागतील. ही शक्यता एकावर पंधरा शून्ये एवढ्या संख्येत एक, म्हणजे व्यवहारात नगण्य होते. प्रत्यक्षात निरनिराळ्या औषधांसाठी हे प्रमाण वेगवेगळे असले, तरी तत्त्व हेच आहे.

या गणितात एक अट दडलेली आहे. तिन्ही औषधे सतत आणि पुरेशा प्रमाणात शरीरात असली पाहिजेत. त्यांपैकी एकच उरले की आपण पुन्हा १९८७ च्या स्थितीत जाऊन पोहोचतो. नेव्हिरापिन व एफाव्हिरेन्झ ही औषधे शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात, तर त्यांच्या जोडीची औषधे तुलनेने लवकर निघून जातात. त्यामुळे रुग्णाने तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबवली, तरी पुढील काही दिवस विषाणूचा सामना फक्त एकाच औषधाशी होतो. शिवाय या दोन औषधांना निष्प्रभ करण्यास एकच उत्परिवर्तन पुरते, आणि एकास प्रतिरोध निर्माण झाला की बहुधा दुसरेही निकामी होते. यालाच परस्पर-प्रतिरोध म्हणतात.

प्रतिरोधाचे प्रकार

अभ्यासाच्या सोयीसाठी औषधप्रतिरोधाचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण केले जाते.

१. उपार्जित प्रतिरोध : उपचार घेत असलेल्या व्यक्तीच्या शरीरात, मात्रा चुकल्याने किंवा औषधाचे प्रमाण अपुरे पडल्याने निर्माण होणारा.

२. संक्रमित प्रतिरोध : ज्या व्यक्तीने कधीही औषध घेतलेले नाही, तिला दुसऱ्याकडून थेट प्रतिरोधी विषाणूचाच संसर्ग होणे.

३. उपचारपूर्व प्रतिरोध : उपचार सुरू करताना किंवा खंडानंतर पुन्हा सुरू करताना आढळणारा. यात संक्रमित प्रतिरोध आणि पूर्वी घेतलेल्या औषधांमुळे आलेला प्रतिरोध, या दोहोंचा समावेश होतो.

तिसऱ्या प्रकाराचे बोलके उदाहरण माता-बालक संसर्ग रोखण्याच्या कार्यक्रमात सापडते. युगांडात झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले, की प्रसूतीच्या वेळी मातेला व जन्मानंतर बालकाला नेव्हिरापिनची एकेक मात्रा दिल्यास बालकास होणारा संसर्ग जवळजवळ निम्म्याने घटतो. स्वस्त व सोपी अशी ही पद्धत भारतासह अनेक देशांनी स्वीकारली आणि असंख्य बालके वाचली. परंतु त्या एका मात्रेमुळे अनेक मातांमध्ये नेव्हिरापिनला प्रतिरोध निर्माण झाला आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या उपचारात तेच औषध उणे पडण्याचा धोका वाढला. बालकाचा लाभ आणि मातेचे भवितव्य यांतील हा पेच अखेर तीन औषधांच्या उपचारानेच सुटला. भारतात जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला तीन औषधांचा आजीवन उपचार देण्याचे धोरण अमलात आले.

उपचारांवर होणारा परिणाम

प्रतिरोध निर्माण झाला तरी रुग्णाला लगेच काही जाणवत नाही. प्रथम रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे विषाणूभार वाढू लागतो. काही महिन्यांनी सीडी-४ पेशी घटतात आणि त्यानंतर क्षयासारखे संधिसाधू आजार डोके वर काढतात. या मधल्या काळात तीच औषधे चालू राहिली, तर विषाणूत एकामागून एक नवी उत्परिवर्तने साचत जातात आणि पुढच्या श्रेणीतील औषधेही दुबळी होतात. शिवाय शरीरातील सुप्त पेशींमध्ये प्रतिरोधी विषाणूची नोंद कायम राहते. औषध बदलले तरी ती पुसली जात नाही.

अशा वेळी दुसऱ्या श्रेणीचे उपचार सुरू करावे लागतात. भारतात शासकीय कार्यक्रमातून ते जानेवारी २००८ मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरम येथील रुग्णालय या दोन ठिकाणी प्रथम सुरू झाले. दुसऱ्या श्रेणीची औषधे पहिल्या श्रेणीपेक्षा कित्येक पट महाग होती, गोळ्यांची संख्या अधिक होती आणि दुष्परिणामही वेगळे होते. तिसऱ्या श्रेणीत खर्च आणखी वाढतो आणि पर्याय आणखी कमी होतात. ही शिडी फक्त वर जाणारी आहे. एकदा वरच्या पायरीवर गेलेला रुग्ण स्वस्त पायरीवर सहसा परत येत नाही.

दुसरा परिणाम समाजावर होतो. पुणे व चेन्नई येथील केंद्रांसह नऊ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाले. बाधित व्यक्तीवर लवकर उपचार केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून सिद्ध झाले. विषाणूभार चाचणीत न आढळण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले. म्हणजे प्रभावी उपचार हाच प्रतिबंधही आहे. प्रतिरोधामुळे उपचार निष्फळ ठरले, की हे दुहेरी संरक्षण नाहीसे होते.

एक जुना वाद आणि त्याचा धडा

सन २००० पर्यंत तीन औषधांच्या उपचाराचा वार्षिक खर्च प्रतिव्यक्ती १०,००० डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनाला नव्हे, तर केवळ प्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्यामुळे हे शक्य झाले. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांच्या मालकीची तीन औषधे भारतीय उत्पादकांना एकाच गोळीत एकत्र आणता आली. तिन्ही औषधे एकाच गोळीत असली, की रुग्णाकडून एक घेतले आणि दोन राहिली असे होऊच शकत नाही. तेव्हा ही संयुक्त गोळी स्वस्त तर होतीच, शिवाय प्रतिरोधाविरुद्धची एक भिंतही होती.

तरीही त्या काळात काही पाश्चात्त्य तज्ज्ञ व मदत संस्थांचे अधिकारी अशी शंका व्यक्त करीत, की गरीब देशांतील रुग्णांना वेळेवर गोळ्या घेणे जमणार नाही, प्रतिरोध फैलावेल, म्हणून तेथे उपचार पोहोचवण्याची घाई करू नये. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक विश्लेषणाने या समजाला उत्तर दिले. औषधसेवनात पुरेसे सातत्य राखणाऱ्या रुग्णांचे प्रमाण उत्तर अमेरिकेतील अभ्यासांत ५५ टक्के, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ७७ टक्के आढळले. गरीब रुग्ण बेफिकीर असतो, हे गृहीतक निराधार ठरले. अनेक गरीब देशांत सातत्य तुटत होते ते पैसे संपल्याने, प्रवास न परवडल्याने किंवा केंद्रात औषध नसल्याने. भारतातही २००४ पूर्वी खासगी दुकानांतून स्वखर्चाने औषध घेणारे अनेक रुग्ण हाती पैसा असेपर्यंतच ते घेऊ शकत होते. उपचार मोफत करणे हे प्रतिरोध रोखण्याचेच पाऊल होते.

खंड कोठे पडतो?

नेव्हिरापिनवर आधारित जुन्या उपचारात दिवसातून दोनदा, म्हणजे महिन्याला ६० मात्रा घ्याव्या लागत. ९५ टक्के सातत्य आवश्यक मानले, तर महिन्यात तीनपेक्षा अधिक मात्रा चुकणे धोक्याचे ठरे. हे लक्ष्य गाठण्यात पुढील अडथळे येतात.

पहिला अडथळा अंतर व रोजंदारीचा. औषधासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे शेतमजुराला एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च यांवर पाणी सोडणे. औषध मोफत असले तरी ते मिळवणे मोफत नसते. डोंगराळ ईशान्य भारतात ही अडचण अधिक तीव्र होते. मिझोराममध्ये प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक आहे, तर देशाची सरासरी सुमारे ०.२ टक्के आहे.

दुसरा अडथळा स्थलांतराचा. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून सुरतच्या यंत्रमागांवर किंवा बिहार व उत्तर प्रदेशातून मुंबईत कामासाठी येणारा मजूर गावातील केंद्रात नोंदलेला असतो आणि वर्षातील बराच काळ दुसऱ्या राज्यात असतो. नोंद त्याच्याबरोबर फिरली नाही, तर औषधही थांबते.

तिसरा अडथळा सामाजिक कलंकाचा. सासरी आजार लपवावा लागणारी स्त्री, किंवा सहकाऱ्यांसमोर गोळी घेण्याचे टाळणारा कामगार यांच्या मात्रा भीतीपोटी चुकतात.

चौथा अडथळा सहव्याधींचा. क्षयरोग हा एचआयव्हीबाधितांमधील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध नेव्हिरापिन व डोल्युटेग्राव्हिर यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी घटवते. उपचारात योग्य बदल न केल्यास रुग्ण नियमित गोळ्या घेत असूनही विषाणूला अपुऱ्या औषधाची संधी मिळते.

पाचवा अडथळा पुरवठ्याचा. २०२२ मध्ये दिल्लीत बाधित व्यक्तींच्या गटांनी औषधांच्या तुटवड्याविरुद्ध अनेक आठवडे धरणे धरले होते. देशपातळीवर पुरेसा साठा असल्याचे शासनाने त्या वेळी सांगितले. राष्ट्रीय गोदामातील साठा आणि रुग्णाच्या हातातील गोळी यांत मात्र खरेदी, वाहतूक व वितरणाचा लांब पल्ला असतो. त्यातील कोणताही दुवा निखळला तरी रुग्णाच्या दृष्टीने परिणाम एकच. हीच गोष्ट जागतिक पातळीवर जानेवारी २०२५ मध्ये दिसली. अमेरिकेने परकीय मदत स्थगित करताच आफ्रिकेतील अनेक देशांत एचआयव्ही सेवा विस्कळीत झाल्या. भारताचा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम हा पूर्णतः केंद्राच्या निधीवर चालणारा आहे. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. या आर्थिक स्वावलंबनाचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

अर्थशास्त्रीय विवेचन

औषधप्रतिरोधाचा विचार अर्थशास्त्रातील चार संकल्पनांच्या आधारे करता येतो.

बाह्य परिणाम : एका व्यक्तीच्या उपचारातील खंडाची किंमत तिच्यापुरती मर्यादित राहत नाही. प्रतिरोधी विषाणू इतरांपर्यंत पोहोचला की त्यांचे उपचारही महाग होतात. बाजारातील किमतीत हा खर्च दिसत नाही. म्हणून केवळ बाजारावर विसंबून समाजाला हितकारक इतके सातत्य साध्य होत नाही.

सामाईक संसाधन : औषधाची परिणामकारकता ही गावच्या गायरानासारखी आहे. तिच्यावर मालकी कोणा एकाची नसते, परंतु ती झिजली तर नुकसान सर्वांचे होते. नवे औषध शोधण्यास अनेक वर्षे लागतात, म्हणून हे गायरान पुन्हा हिरवे होण्याची वाट पाहणे परवडणारे नसते.

अपरिवर्तनीयता : बहुतेक सार्वजनिक खर्च पुढे ढकलला तर फक्त विलंब होतो. येथे मात्र एकदा निर्माण झालेला प्रतिरोध त्या शरीरातून पुसता येत नाही. जेथे हानी भरून येणारी नसते, तेथे आज केलेल्या प्रतिबंधक खर्चाचे मूल्य नेहमीच्या लाभ-खर्च विश्लेषणात दिसते त्याहून अधिक असते.

माहितीचे मूल्य : विषाणूभार चाचणी स्वतः रोग बरा करीत नाही, परंतु उपचार निष्फळ होत असल्याची सूचना ती सर्वांत आधी देते. तिच्यावरील खर्च हा माहितीवरील खर्च असून तो पुढील महागड्या उपचारांवरील खर्च वाचवतो. भारतात नियमित विषाणूभार चाचणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत मुख्यतः सीडी-४ पेशींच्या संख्येवरून उपचाराचे यश जोखले जाई आणि निदानास उशीर होत असे. आता उपचार सुरू झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी ही चाचणी अपेक्षित आहे. एक मिलिलिटर रक्तात विषाणूंच्या १,००० हून अधिक प्रती आढळल्यास प्रथम समुपदेशन व नंतर फेरतपासणी केली जाते. त्यानंतरच औषधबदलाचा निर्णय होतो.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने २०२५ साठी ९५-९५-९५ हे लक्ष्य ठरवले होते : ९५ टक्के बाधितांना आपल्या संसर्गाची माहिती, त्यांपैकी ९५ टक्क्यांना उपचार आणि त्यांपैकी ९५ टक्क्यांमध्ये विषाणू नियंत्रणात. भारतासाठी २०२४ च्या सुमारास हे आकडे ८१-८८-९७ असे होते. तिसरा आकडा लक्ष्याच्याही पुढे आहे, ही गोष्ट कार्यक्रमाच्या गुणवत्तेची साक्ष देते.

परंतु हे तीन आकडे एकमेकांना गुणून पाहावेत. ०.८१, ०.८८ व ०.९७ यांचा गुणाकार सुमारे ०.६९ येतो. म्हणजे दर १०० बाधितांपैकी ६९ जणांमध्येच विषाणू नियंत्रणात आहे; पूर्ण लक्ष्य गाठल्यास ही संख्या ८६ असती. दुसरे असे, की १६ लाखांचे ३ टक्के म्हणजे ४८ हजार व्यक्ती होतात. औषध चालू असूनही ज्यांचा विषाणू नियंत्रणात नसेल अशांची ही ढोबळ संख्या. या सर्वांमध्ये प्रतिरोध असेलच असे नाही, काहींच्या केवळ मात्रा चुकत असतील. परंतु पुढील प्रतिरोध उद्भवण्याची शक्यता याच गटात सर्वाधिक आहे. धोरणाचे लक्ष याच ४८ हजारांवर केंद्रित व्हावयास हवे.

डोल्युटेग्राव्हिर : नवी संधी, नवी जबाबदारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अहवालात सर्वेक्षण झालेल्या ११ देशांपैकी ६ देशांत, उपचार सुरू करणाऱ्या १० टक्क्यांहून अधिक व्यक्तींमध्ये नेव्हिरापिन-एफाव्हिरेन्झ गटाला प्रतिरोध आढळला होता. १० टक्के ही मर्यादा ओलांडल्यास पहिल्या श्रेणीतील औषध बदलावे, असे संघटनेचे मार्गदर्शन होते. त्यातूनच डोल्युटेग्राव्हिरकडे वळण्याची निकड जाणवली. या औषधाला चकवणे विषाणूला बरेच कठीण जाते. शास्त्रीय भाषेत त्याचा जनुकीय अडसर उंच आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची टीएलडी ही संयुक्त गोळी दिवसातून एकदाच घ्यावी लागते. भारतात ती २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. ऐच्छिक परवान्यांमुळे भारतीय कंपन्यांना तिचे उत्पादन करता आले. २०१७ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय खरेदी किंमत वर्षाला सुमारे ७५ डॉलर होती. २०२३ मध्ये ती ४५ डॉलरच्या खाली आली.

उंच अडसर म्हणजे अभेद्य तटबंदी मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, हा उपचार घेणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक व्यक्तींमध्ये विषाणू नियंत्रणात होता. तथापि, काही सर्वेक्षणांत डोल्युटेग्राव्हिरला प्रतिरोधाचे प्रमाण ३.९ ते ८.६ टक्के आढळले. ज्यांचा विषाणूभार जास्त असतानाच जुने औषध बदलून हे औषध सुरू केले गेले, त्यांच्यात ते १९.६ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. औषध बदलण्याइतकेच बदलापूर्वी व बदलानंतर विषाणूभार तपासणे महत्त्वाचे आहे, हाच यातून मिळणारा बोध. इतक्या कमी किमतीत मिळणारे इतके गुणकारी औषध निकामी झाले, तर त्याच किमतीचा दुसरा पर्याय आज हाताशी नाही.

पुढील दिशा

१. औषधांचा आगाऊ साठा हा खर्च नसून विमा आहे, असे मानून खरेदीप्रक्रिया वेळेत पूर्ण करावी. साठ्याची नोंद केंद्रपातळीवर तपासली जावी.

२. उपचारात स्थिर असलेल्या रुग्णांना एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे द्यावीत. कोविड साथीच्या काळात २०२० मध्ये हा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबिण्यात आला होता. त्यामुळे रुग्णाची मजुरी व प्रवासखर्च वाचतो.

३. स्थलांतरित मजुरांना देशातील कोणत्याही केंद्रात विनाविलंब औषध मिळावे.

४. विषाणूभार चाचणी प्रत्येकापर्यंत पोहोचावी आणि तिचा निकाल आठवड्यांत, महिन्यांत नव्हे, रुग्णाच्या हाती पडावा.

५. प्रतिरोधाची राष्ट्रीय पाहणी नियमितपणे व्हावी. यासाठी लागणारी प्रयोगशाळेची क्षमता देशात आहे. १९९२ मध्ये पुण्यात भोसरी येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे.

६. सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ मधील भेदभावविरोधी तरतुदींची अंमलबजावणी हादेखील प्रतिरोध रोखण्याचा उपाय समजावा. शासनाने ‘शक्य तितक्या प्रमाणात’ उपचार उपलब्ध करून द्यावेत, असे हा कायदा म्हणतो. या शब्दांचा अर्थ पूर्णार्थाने लावला जाणे समाजाच्याच हिताचे आहे.

समारोप

उपचारात खंड पडला की दोष रुग्णाच्या माथी मारणे सोपे असते. परंतु रोज एक गोळी घेणारा रुग्ण हा एका लांब साखळीतील अखेरचा दुवा आहे. कारखाना, निविदा, गोदाम, एसटीची फेरी, समुपदेशकाचा शब्द आणि घरातील माणसांचा आधार, हे सारे दुवे त्याच्या आधी येतात. साखळी अखंड राहिली तर आज तिशीत असलेली बाधित व्यक्ती वार्धक्य पाहू शकेल, आणि तिच्या जोडीदाराला व बालकाला संसर्गाचे भय उरणार नाही. नवे औषध शोधणे थोड्यांच्या हाती असते. आहे ते औषध टिकवणे मात्र सुव्यवस्थित शासन आणि समंजस समाज यांना निश्चितच साधण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. उपार्जित, संक्रमित व उपचारपूर्व औषधप्रतिरोध यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. ‘औषधाची परिणामकारकता हे सामाईक संसाधन आहे.’ या विधानाची चर्चा करा.

३. १९७० चा पेटंट कायदा आणि एचआयव्हीवरील संयुक्त गोळी यांतील संबंध विशद करा.

४. ८१-८८-९७ या आकड्यांचा अर्थ सांगून भारतापुढील मुख्य आव्हान कोणते, ते लिहा.

५. स्थलांतरित मजुरांच्या उपचारात सातत्य राखण्यासाठी आपण कोणत्या उपाययोजना सुचवाल?